दुसरा स्लाइस

मला सगळे सीलबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण माझे कान शाबूत आहेत. जनुकं बदललेलं पीक, पीठ किंवा ब्रेड चाचणीसाठी बाहेर दिला, की त्याचा कण न् कण परत आलेला बघायचा, पिशवीत घालून मशीनने सील मारायचं आणि पिशवी भट्टीत जाईपर्यंत तिच्यावरून नजर हटवायची नाही, हे माझं सरकारी काम. या कामात माणूस संशयी होतो म्हणतात. मी मुळातच होते, त्यामुळे बढती लवकर मिळाली.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर शेवटचा परतावा होता. साध्या गव्हाने ज्या मुलांची आतडी सोलून निघतात, त्यांच्यासाठी एका प्रयोगशाळेने नवा गहू तयार केला होता. त्याचा ब्रेड वर्षभर त्या मुलांच्या घरी जात होता. रोज दोन स्लाइस खायचे, आईने ते तक्त्यात लिहायचं आणि ताटात पडलेला चुरासुद्धा पिशवीतून परत आणायचा. आता मुदत संपली होती. पुढच्या आठवड्यात समिती बसणार होती. तिने हो म्हटलं तर ब्रेड दुकानात येणार, नाही म्हटलं तर गहू बियाण्यासकट भट्टीत जाणार. तोवर एक तुकडाही कुणाच्या घरी राहता कामा नये, असा नियम.

त्या मुलांत माझी भाचीही होती, दादाची मिरी. मी साहेबांना ते आधीच सांगितलं होतं. त्यांनी नियम काढून दाखवला. त्यात नवरा, बायको, आईवडील, मुलं, भावंडं सगळी होती. भाची नव्हती. "म्हणजे नियमाप्रमाणे तुम्ही तिच्या कुणीच नाही," म्हणाले आणि चहा मागवला.

आया रांगेत उभ्या होत्या. एरवी या बायका मला बघून कपाळाला आठ्या घालायच्या, त्या दिवशी फार गोड बोलत होत्या. एकीने तर माझ्या चपलांचं कौतुक केलं. चपला दोन ठिकाणी शिवलेल्या होत्या. मला वाटलं, सगळं संपलं म्हणून मवाळ झाल्या असतील. शेवटच्या पिशवीला सील मारताना मशीनने बोट भाजलं, आणि मी ते तोंडात धरूनच दादाच्या घरी जेवायला गेले.

"बोटाला काय झालं?" वहिनीने विचारलं.

"मशीनने चावा घेतला."

"चला, कुणाला तरी हिंमत झाली."

मी हसत फ्रीज उघडला. बर्फ हवा होता. "थांब, मी देते!" वहिनी ओरडली आणि हातातला डाव टाकून धावली, पण तोवर वरचा कप्पा माझ्यासमोर उघडा होता. मटारच्या पिशव्यांमागे, बर्फाच्या भांड्यामागे, अगदी मागच्या भिंतीपर्यंत निळ्या पट्टीच्या कागदातल्या पुड्या रचून ठेवल्या होत्या. तो कागद मी वर्षभर रोज हाताळत होते.

मी दार लावलं. बोटाची आग विसरले.

"कधीपासून?"

वहिनी खोटं बोलली नाही. "पहिल्या आठवड्यापासून. एक तिच्या ताटात, एक इकडे. तक्त्यात दोन."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"ठिकाणावर होतं म्हणूनच ठेवले." तिचा आवाज चढला. "देताना पहिल्याच दिवशी सांगितलंत ना, मुदत संपली की बंद? पोरगी जन्मात पहिल्यांदा ब्रेडला जॅम लावून खात होती. डबा उघडला की वर्गातली मुलं नाक मुरडायची, ती हिच्या शेजारी बसायला लागली. आणि मी काय करायचं होतं, तारीख उजाडायची वाट बघायची? तुम्ही द्यायचं आणि तुम्हीच ताटातून ओढून घ्यायचं. मला जमणार नव्हतं ते."

मी तिला फाडून खाणार होते. माझ्या रागाची सगळी वाक्यं तयार असतात. पण तेवढ्यात दादा हत्यारांची पिशवी घेऊन आत आला. तो लिफ्ट बसवतो आणि दुरुस्त करतो. आमचे चेहरे आणि फ्रीज बघून तो समजला. पिशवी त्याने जमिनीवर ठेवली, नेहमीसारखी आपटली नाही.

"दादा, तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग ही चाचणी कसली झाली, हे तरी कळलं का? दोन स्लाइस खाऊन मुलं ठणठणीत राहिली असं तक्ते सांगताहेत. समिती तेच बघून सही करणार आहे."

दादा खुर्चीवर बसला. "आम्ही लिफ्ट पास करतो तेव्हा पूर्ण वजन टाकून बघतो," तो हळू म्हणाला. "अर्ध्या वजनावर पास केली तर..."

"पण एका मिरीने काय फरक पडतो?" मी स्वतःलाच समजावत म्हणाले. "बाकीची मुलं आहेत. त्यांचे आकडे खरे आहेत."

वहिनीने माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "मी एकटीच आई आहे का त्या हॉस्पिटलात? बाहेरच्या बाकावर सगळ्यांचं ठरलं होतं. जिच्याकडे फ्रीझर नव्हता तिने शेजारणीच्या फ्रीझरमध्ये ठेवले."

मी खुर्ची ओढून बसले. वर्षभर मी चुऱ्याची राखण केली होती. बोट भाजेपर्यंत चुऱ्याला सील मारलं होतं, आणि अख्खे स्लाइस घराघरांत गोठत होते. बरं, त्या बायकांना शिव्या तरी कोणत्या तोंडाने घालू? मुदत संपली की एक तुकडाही उरता कामा नये असं बजावलं आम्हीच, आणि ते ऐकूनच त्यांनी वाचवायला सुरुवात केली.

"दोन्ही खाल्लेत का मिरीने कधी? एका दिवशी?" मी विचारलं.

वहिनी ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छच होता.

"वाढदिवसाला खाल्ले होते," दारातून आवाज आला. मिरी कधीची उभी होती कोण जाणे. "मग पोट दुखलं आणि शीतून रक्त आलं. आई म्हणाली डॉक्टरांना नाही सांगायचं. सांगितलं तर सगळाच ब्रेड बंद होईल."

वहिनी माझ्यापुढे बसली आणि तिने माझा हात धरला. इतक्या वर्षांत तिने माझ्यापुढे कधी गयावया केली नव्हती.

"एक चालतो गं तिला. खरंच चालतो. वजन वाढलंय, गालावर रंग आलाय, तूच म्हणालीस ना? एकाने काही होत नाही. एक तरी राहू दे."

ती खरं बोलत होती, आणि तेच मला सहन होईना. एक स्लाइस चालतो असं समितीला कोण सांगणार? सांगायचं तर सगळं सांगावं लागेल, आणि लबाडीच्या आकड्यांवर उभा राहिलेला गहू मग अर्धा वाचत नाही, बियाण्यासकट भट्टीत जातो. पुन्हा परवानगी, पुन्हा पेरणी, पुन्हा चाचणी होईपर्यंत मिरी लग्नाच्या वयाची होईल. आणि गप्प बसायचं तर दुकानातून ब्रेड आणून कुठलीतरी आई आपल्या पोराला पोटभर खाऊ घालेल. मुलं काय मोजून खातात? मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. सीलबाईला रडताना मिरीने पहिल्यांदाच बघितलं असावं. ती येऊन माझ्या मांडीला टेकून उभी राहिली.

मी फोन काढून चाचणीच्या डॉक्टरांचा नंबर लावला.

रिंग वाजायला लागली तशी वहिनी उठली. तिने फ्रीझरमधून एक पुडी काढली, दोन स्लाइस तव्यावर टाकले, जॅमची बाटली उघडली. जॅम कडेपर्यंत नीट लावला. ताटली तिने मिरीपुढे आपटली.

"खा. दोन्ही खा. नाहीतरी आत्या आज सगळं घेऊन जाणार आहे."

मिरीने दादाकडे बघितलं. दादा जमिनीकडे बघत होता. तिने एक उचलला, आणि मी फोन कानाशी तसाच धरून ताटलीतला दुसरा काढून घेतला.

"एकच खा, राजा," मी म्हणाले.

"हॅलो," डॉक्टर म्हणाले, "बोला, सगळं परत आलं ना?"