खलाशाचा निरोप

नणंदेने सुई कापडात टोचून ठेवली आणि मासिक उघडलं. हातशिलाईच्या खोलीतला हा जुनाच रिवाज: जी वाचेल तिच्या वाट्याची बटणं बाकीच्या सातजणींनी लावून टाकायची. सुपरवायझर जेवून अडीचला परतायचा, तोवर आज गोष्ट संपलीच पाहिजे.

चार दिवस चाललेली गोष्ट एका मेलेल्या खलाशाची होती. रोज तिन्हीसांजेला तो बायकोजवळ येऊन बसे आणि तिचं दिवसभराचं सगळं ऐकून घेई.

"मधे एकदाही तोंड घालत नाही बघा," काजं करणारी म्हातारी म्हणाली. "ऐकणारा नवरा हवा तर त्याला आधी मरावंच लागतं की काय!"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. भावजय हसली नाही. खिडकीजवळ बसून ती एकाच बटणात कितव्यांदा तरी दोरा ओवत होती.

सकाळी कामावर येताना ती म्हणाली होती, "ताई, त्या शिक्षकांना उद्या काय ते कळवायचंय. माझं काही ठरेना. तुमचा तो खलाशी गेला तर हो म्हणते, राहिला तर नाही."

"वेडी आहेस का? गोष्टीवरून कोणी लग्न ठरवतं?"

"मग कशावरून ठरवू? तुम्ही तर बोलतच नाही."

नणंद खरंच बोलली नव्हती. धाकटा भाऊ जाऊन तीन वर्षं झाली. घरात आता या दोघीच. ही गेली की त्याच्या आठवणी काढायलाही कोणी उरणार नव्हतं.

पान उलटताना तिची नजर पुढे धावली. खलाशी राहत होता. 'मी कुठेही जाणार नाही,' असं तो चक्क म्हणत होता. नणंदेच्या जिवात जीव आला. आहे तसं वाचायचं, बस्स. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तिने वर पाहिलं. भावजय काम टाकून तिच्या तोंडाकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून.

"अगं वाच की! येईल तो मेला सुपरवायझर एवढ्यात!" म्हातारी खेकसली.

नणंदेने पुन्हा पानाकडे पाहिलं.

"तो दाराशी थांबला," ती म्हणाली. पानावर असलं काही नव्हतं. "म्हणाला, मला आता जाऊ दे. आणि तूही... तूही इथे अडकून राहू नकोस. माझा राग नाही तुझ्यावर." तिने मासिक मिटलं. "संपली."

"हे काय बाई! चार दिवस झुलवलं आणि शेवटी पळाला?"

जिन्यावर बूट वाजले. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. नणंदेने मासिक मांडीखाली सरकवलं. भावजयीच्या हाती लागलं असतं तर सगळंच मुसळ केरात.

सुपरवायझर फेरी मारून निघून गेला, तशी भावजय शेजारी येऊन टेकली. तिचे डोळे भरले होते.

"लपवू नका, ताई. मी कालच वाचलीय ती."

नणंद तिच्याकडे बघतच राहिली. "मग सकाळी..."

"तुम्ही काय वाचता, ते ऐकायचं होतं. उद्या माझ्याबरोबर याल ना? एकटीने हो म्हणायची भीती वाटते."

"येते की." नणंदेने पदराने नाक पुसलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विचारलं, "माणूस कसा आहे गं?"