पहिलं कुंकू काठीला

मी शेखरच्या पिशवीतला सात नंबरचा गोल्फ क्लब बोलतोय. त्याची बायको, उज्वलावहिनी, मला 'गोल्फची काठी' म्हणतात, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. काठी ती वेगळी. तिच्याबद्दलच तर बोलायचंय.

मी जातीचा पोलादी. नाशिकला या घरी आलो, तेव्हा शेखर मला इतका पुसायचा की वहिनी म्हणाल्या, "माझा चष्मा कधी पुसलास का रे असा?" त्या दिवसांत मी हवेत होतो.

पण शेखर पडला अंबडच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसणारा. पाठीला बाक आलेला. मैदानावर तो असा वाकायचा, जणू गवतात किल्ली पडलीय. मग नुसत्या हातांनी मला फिरवायचा. चेंडू जागच्या जागी, माती माझ्या तोंडात. घरी आला की कंबर धरून बसायचा. शेवटी वहिनींनी बजावलं, "घट बसायच्या आत जमलं नाही, तर साफसफाईत ही पिशवी आधी बाहेर जाईल." पिशवी म्हणजे मीही आलोच.

शिकवायला देवव्रत सर होते. त्यांनी मलाच बाजूला ठेवायला लावलं. "घरी एखादी सरळ काठी असेल ना?"

होती की! दोरीवर कपडे वाळत घालायची, वहिनींची. बांबूची, एका टोकाला तडकलेली, अंगाला साबणाचा वास. तीच बया.

"डोकं, पाठ, माकडहाड, तिन्हीला काठी टेकू दे. वाकायचं ते खुब्यातून," सर सांगायचे. मग काठी खांद्यांवर आडवी. "आता हात विसर. छाती वळव. काठीचं टोक चेंडूकडे आलं पाहिजे."

रोज सकाळी गॅलरीत शेखर तिला खांद्यांवर घेऊन वळायचा आणि मी कोपऱ्यात जळायचो. ज्या मानेला मी कधी शिवलो नाही, तिथे ती खुशाल रेलायची. नवरात्राआधी गोधड्या धुवायला निघाल्या, तेव्हा वहिनी ओरडल्या, "अरे, माझी काठी दे! पिळे बादलीत तसेच पडलेत!" मनात म्हटलं, न्या एकदाची. तर हा म्हणतो, "थांब गं, आत्ता कुठे वळायला लागलंय."

घट बसायला थोडे दिवस उरले, तेव्हा तो मला मैदानावर घेऊन गेला. वहिनीही आल्या, निकाल द्यायला. शेखर उभा राहिला, पाठ सरळ. खांदे वळले, मागोमाग कंबर वळली, आणि मी खाली कधी आलो ते मलाच कळलं नाही. चेंडू पांडवलेण्याच्या डोंगराच्या दिशेने उंच गेला.

"अगंबाई!" वहिनी म्हणाल्या. "राहू दे बाबा तुझी पिशवी."

मी वाचलो. पण खरं सांगू? चेंडूला मी लागलो, तरी शेखरच्या पाठीत तीच उभी होती.

आज खंडेनवमी. पाटावर विळी, सुरी, पाना, लॅपटॉप आणि मी. शेखरने कुंकवात बोट बुडवलं. मी सरसावलो. तर हा उठून गॅलरीत गेला, काठी घेऊन आला, माझ्या शेजारी ठेवली आणि पहिलं कुंकू तिला लावलं. "गुरू आहे ती," म्हणाला. मग मला. झेंडूची माळ दोघांत एकच.

तुमच्या घरी अशी काठी असेल, तर बाबांनो, तिला दोरीखालीच राहू द्या. मला आता माळ निघेपर्यंत तिच्या अंगाला अंग लावून पडायचंय. तिच्या साबणाचा वास येतोय. आणि हा वास मला नवा नाही, हेच सलतं. त्या दिवशी मैदानावर शेखरच्या खांद्यांना तोच येत होता.