बाबांच्या पट्टीत लावलेली गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. वयाने म्हणाल तर फार नाही, पण माझ्या पोटावर एक पांढुरका डाग आहे, तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजभोवती फेविकॉलचे ओघळ वाळलेले आहेत आणि एक खुंटी तर दुसऱ्याच गिटारीची बसवलेली आहे. अशीला जुनीच म्हणतात. माझ्या कुशीत बॅटरीवर चालणारं एक छोटं यंत्र आहे. वायर जोडली की माझा आवाज स्पीकरमधून निघतो, आणि नाही जोडली तरी मी आपली वाजतेच.

माझा जन्म कारखान्यातला. छाती खऱ्या लाकडाची, पाठ मात्र प्लायवूडची. स्वस्तातल्या गिटारीला एवढं मिळालं हेच खूप. पुढे मी वाशीमला फुलचंदभाऊंच्या दुकानात आले. तिथे एका बाजूला लाल चकचकीत गिटार, दुसऱ्या बाजूला निळी, मध्ये मी मातकट रंगाची. येईल तो लालीला हात लावायचा. मी मनातून फार फुगून बसले होते, पण रुसलेल्या गिटारीला विचारतो कोण?

एक दिवस आसेगावचे पंजाबराव आपल्या लेकीला, धम्मदीपाला, घेऊन आले. पंजाबराव गावच्या नळाला पाणी सोडायचं काम करत आणि गायन पार्टीत गात. भीमजयंती असो की बुद्धपौर्णिमा, पेटी पुढ्यात घेऊन त्यांनी सूर लावला की मागच्या रांगेतली कुजबुज थांबायची. धम्मदीपा मोबाईलवर बघून, मैत्रिणीची गिटार मागून आणून शिकली होती. तिला बाबांच्या पार्टीत वाजवायचं होतं.

फुलचंदभाऊंनी एकेक गिटार स्पीकरला जोडून दाखवायला सुरुवात केली. सगळ्याच गोड वाजू लागल्या. तेव्हा पंजाबराव म्हणाले, "भाऊ, पयले ते वायर काहाडा. स्पीकर तं कोनालेबी गोड करते."

मग ते चक्क भिंतीकडे तोंड करून बसले, रंग दिसू नये म्हणून. धम्मदीपा एकेक वाजवत गेली. लालीचा आवाज पत्र्यासारखा निघाला, तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! माझी पाळी आली. तिने सगळ्या तारांवरून एकदा हात फिरवला आणि थांबली.

"हे घे माय," भिंतीकडे बघतच पंजाबराव म्हणाले. "हिचा आवाज लवकर इझत नाई, घुमत राह्यते."

"पन काका, हिच्यावर डाग हाय," फुलचंदभाऊ प्रामाणिकपणे बोलले.

"डाग काय आयकू येते का?"

त्या एका वाक्यावर मी त्यांची झाले.

गावात आधी नाकं मुरडली गेली. "गायन पार्टीत गिटार कायले?" असं ढोलकीवाला संघदीप तोंडावर म्हणाला. पण पहिल्याच जयंतीला मी ढोलकीशी जुळवून घेतलं आणि तोच पुढे मला आपल्या मोटरसायकलवर पुढ्यात घेऊन नेऊ लागला. शिरपूर, इंझोरी, कुठे कुठे गेलो आम्ही! सगळ्यात शेवटी पंजाबरावांचं स्वतःचं गाणं व्हायचं. त्यांच्या आईला विहिरीच्या काठाला हात लावायची मुभा नव्हती. कोणी वरून पाणी ओतेल म्हणून ती रिकामी घागर घेऊन उन्हात उभी राहायची. त्या आईचं ते गाणं. ते त्यांनी कधी लिहून ठेवलं नव्हतं, कुठे रेकॉर्ड केलं नव्हतं. ते फक्त त्यांच्या गळ्यात होतं.

आता माझ्या दुखण्याचं सांगते. पंजाबराव काळी पाचमध्ये गात, म्हणजे फार उंच पट्टीत. धम्मदीपाला येणारे कॉर्ड त्याहून खालचे. खरं तर अशा वेळी गिटारीच्या मानेवर एक चिमटा लावतात, कॅपो म्हणतात त्याला, की सूर आपोआप चढतो. तो तिने लावूनही पाहिला. पण पंजाबराव म्हणाले, "चिमटा लावला का आवाज दबते. मोकया ताराच बऱ्या." त्यांचा कान तसा बारीक होता, म्हणून तर मी निवडली गेले. मग चिमट्याऐवजी माझ्या ताराच ओढून पेटीला मिळवल्या जाऊ लागल्या. कार्यक्रम झाल्यावर त्या सैल कराव्यात तर म्हणायचे, "उद्या परत तेच लावाचं हाय ना?" आणि मी तशीच, अंग आवळून, तापलेल्या टिनाखाली रात्रंदिवस टांगलेली असायची.

हळूहळू माझा ब्रिज मागून उचलला गेला. पुसताना अंजनाबाईंना, म्हणजे धम्मदीपाच्या आईला, ते दिसलं. "धम्मे, इथं फट पडून राह्यली."

"जयंती झाली का दाखवते, आई."

जयंती झाली. पण मग पंजाबरावांचा गळा बसला तो उघडेचना. नागपूरला तपासणी झाली. गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनने जीव वाचेल, पण आवाज राहील असं डॉक्टर सांगू शकत नव्हते. 

ऑपरेशनसाठी नागपूरला निघायच्या आधी एक काम करायचं ठरलं. आईचं गाणं पंजाबरावांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायचं. विहारात सतरंजी अंथरली, संघदीपने मोबाईल लावला, मला वायर जोडली. पंजाबरावांचा आवाज तोवर घोगरा होऊन पार खाली आला होता. सगळ्यांना ते ऐकू येत होतं, पण बोललं कोणीच नाही.

"बाबा, नेहमीचीच पट्टी ना?" धम्मदीपाने विचारलं. पट्टी खाली घेऊ का, हे विचारायला तिची जीभ रेटेना. तसं विचारणं म्हणजे तुमचा आवाज गेला असं बापाला तोंडावर सांगणं, असं तिला वाटलं.

त्यांनी तिच्या आशेने बघणाऱ्या डोळ्यांकडे पाहिलं. "हो. नेहमीचीच."

ती एकेक तार वर ओढू लागली. मला कळत होतं, आज काही मी टिकत नाही. शेवटच्या तारेला कडकन आवाज झाला, ब्रिज माझी चामडी सोलून उखडला आणि तारा लोंबू लागल्या. धम्मदीपा तोंडावर हात ठेवून बसली.

"पेटीवरच म्हना ना, बापू," संघदीप म्हणाला.

"नाई. माह्या लेकीच्या गिटारीसंगच म्हनाचं हाय. आल्यावर म्हनू." आणि ते उठले. माझ्यासाठी थांबले म्हणून त्या दुखण्यातही मी सुखावले. मला तेव्हा काय कळत होतं!

ते आले, पण आवाज नागपूरलाच राहिला. आता गळ्याशी एक छिद्र आहे आणि त्यावर पातळ रुमाल. नळाला पाणी अजून तेच सोडतात, फक्त कोणी वेळ विचारली तर बोटं दाखवतात. धम्मदीपाने मला कपाटामागे सारलं. माझ्याकडे बघणंच तिला नको झालं होतं. आतली बॅटरी फुगून पाझरली. मी रडायची, पण तारा नसलेल्या गिटारीचं रडणं कोणाला ऐकू जाणार?

शेवटी पंजाबरावांनीच मला बाहेर काढलं आणि देवमन सुताराकडे नेलं. त्याने जीव लावून ब्रिज चिकटवला. पूर्वीचा आवाज मात्र आला नाही. आता तो लवकर विझतो.

साथ करून करून पाठ झालेलं ते गाणं यंदा जयंतीला धम्मदीपा म्हणणार होती. सरावाला बसली आणि सवयीने माझ्या तारा वर ओढू लागली. पंजाबरावांनी तिचा हात धरला. पेटी पुढे ओढली, भाता हलवला आणि एक सूर दाबून धरला. काळी एक.

"एवढी खाली? बाबा, तुमी तं हे काळी पाचात म्हनत होते."

त्यांनी मान हलवली. माझ्या चिकटवलेल्या ब्रिजवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या गळ्यावर, आणि पुन्हा तोच सूर दाबला.

धम्मदीपाने खुंटी सोडली. "त्या दिवशी इथून म्हनता आलं असतं तुमाले?"

त्यांनी होकार दिला.

"मंग बोलले काहून नाई, बाबा?"

त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. लेकीने बापाचं मन राखलं होतं, बापाने लेकीचं. आणि त्या राखण्यात पंजाबरावांच्या आवाजातलं गाणं गेलं. ती किती तरी वेळ रडली. त्यांनी सुरावरचं बोट काढलं नाही. मग तिने डोळे पुसले आणि त्याच सुरात ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं.

मित्रांनो, वाजवून झालं की आमच्या तारा सैल करत जा, बॅटरी काढून ठेवत जा, फट दिसली तर त्याच दिवशी दाखवा. आणि तुमच्या घरी कोणी गाणारं असेल, तर त्यांना कोणती पट्टी झेपते ते न लाजता विचारा. वाईट वाटलं तर वाटू द्या. आमच्या घरी ते गाणं आहे, रोज म्हटलं जातं. पण ज्यांनी ते आपल्या आईसाठी केलं, ते समोर बसून फक्त ओठ हलवतात.