छप्पन्न चौरस मीटर

ब तुकडीत हशा पिकला, की शेजारच्या अ तुकडीत विजयाबाईंच्या हातातला खडू मोडायचा. गणिताच्या तासाला माणसाला हसू येतंच कसं, हे काही त्यांना उमगत नव्हतं. केडगावच्या त्या शाळेत त्यांनी हयात घालवली, पण त्यांच्या तासाला कधी कुणी खुदकन हसलं असेल तर शपथ! आणि ही भारती, राजूरकडून परवा ब तुकडीला शिकवायला आलेली पोरगी, फळ्यावर एक गणित लिहायची आणि चक्क शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. पोरं फळ्यापाशी जायची, चुकायची, भांडायची, पुसून पुन्हा लिहायची. बाई गप्प. याला काय शिकवणं म्हणायचं? फुकटचा पगार म्हणायचं!

विजयाबाईंचं सगळं शिस्तीत. गणित आलं की आधी त्याचा टाईप ओळखायचा. टाईप सापडला की सूत्र, सूत्रात आकडे, खाली उत्तराला चौकट. मार्क पाण्यासारखे पडायचे. माझ्या पोराला तुमच्या तुकडीत घ्या म्हणून लोक घरी पेढे घेऊन यायचे. आता तेच लोक फाटकातून विचारतात, "भारतीताईंच्या वर्गात जागा हाय का वो?" ताई! विजयाबाईंना शाळेत कधी कुणी ताई म्हटलं नव्हतं. त्यांनी म्हणू दिलं असतं की नाही ही गोष्ट वेगळी, पण कुणी म्हटलं नव्हतं एवढं खरं.

"तुला जळतंय," अवधूतराव, म्हणजे त्यांचे यजमान, एकदा चहा गाळता गाळता म्हणाले.

"जळतंय तर जळतंय. मी काय संत आहे?" बाई म्हणाल्या, आणि चहा न पिताच उठल्या.

त्यात हेडमास्तर गहिनीनाथ सरांनी तेल ओतलं. पटसंख्या घसरली होती. पुढच्या वर्षी दहावीच्या दोन्ही तुकड्या एक करायच्या आणि गणित एकाच शिक्षकाकडे द्यायचं ठरलं. कोणाकडे? नववीच्या दोन्ही तुकड्यांची एकच चाचणी घ्यायची, ज्याचा वर्ग पुढे त्याची दहावी. विजयाबाईंची निवृत्तीआधीची ती शेवटची दहावी. शिवाय त्या दहावीत ज्ञानेश्वरी असणार होती. हिवरे बाजारकडची ही मुलगी, सकाळी डेअरीत दूध घालून शाळेला येणारी, अ तुकडीत पहिली. अशी पोर नशिबानंच मिळते. ती दुसऱ्याच्या हाती जाऊन बोर्डात चमकली असती, तर विजयाबाईंना घास गिळवला नसता.

पेपर काढायचा मान ज्येष्ठ म्हणून त्यांचाच. त्यांनी मुद्दाम समलंब चौकोन घेतला. भारतीच्या पोरांना सूत्रं पाठ नसतात, इथे बरोबर तोंडघशी पडतील. पुस्तकातलं गणित उचललं आणि कुणी पाठ करून येऊ नये म्हणून दोन आकडे बदलले. कांद्याच्या रोपासाठी समलंब चौकोनी जागा. समांतर बाजू वीस मीटर आणि आठ मीटर, त्यांच्यातलं अंतर चार. उरलेल्या बाजू पाच आणि सहा. क्षेत्रफळ किती? कुंपणाला तार किती? उत्तर छप्पन्न चौरस मीटर आणि एकोणचाळीस मीटर. नमुना उत्तर लिहून मोकळ्या.

शाळेची रीत अशी की तपासायला गठ्ठे बदलून घ्यायचे. अ तुकडीचा गठ्ठा भारतीकडे गेला, ब तुकडीचा विजयाबाईंकडे. रविवारी दुपारी त्या लाल पेन घेऊन बसल्या. समलंब चौकोनाशी आल्या आणि त्यांचा चेहराच खुलला. एकाही पोराचं उत्तर छप्पन्न नव्हतं! आकृत्या काढून खोडलेल्या, पुन्हा काढलेल्या, पुन्हा खोडलेल्या. कुणी लिहिलं होतं, "ही जागा होत नाही." शून्य. कुणी, "तार पुरत नाही." शून्य! नाचता येईना अंगण वाकडं! बाई अक्षरशः गुणगुणत शून्यं देत होत्या. असा रविवार कित्येक दिवसांत आला नव्हता.

मग एका पोराचा पेपर आला. त्यानं आकृतीखाली ओबडधोबड अक्षरात लिहिलं होतं: "लांब बाजू वीस, आखूड आठ. फरक बाराचा. तो फरक दोन्ही तिरक्या बाजूंनी भरून काढायला पाहिजे. पण पाच आणि सहा मिळून अकराच. टोकाला टोक लागणार नाही."

विजयाबाईंचं गुणगुणणं थांबलं. त्यांनी पट्टी घेतली, मीटरला सेंटिमीटर धरून वीसची रेघ ओढली, वर चारच्या अंतरावर आठची. पाचची बाजू जोडली. सहाची जोडायला गेल्या, तर ती टोकापर्यंत पोचेना. आठची रेघ इकडे सरकवली, तिकडे सरकवली. कशी पोचणार? आकडे त्यांनीच बदलले होते.

काय झालं म्हणून अवधूतरावांनी विचारलं. "काही नाही," त्या म्हणाल्या, आणि पहिला विचार मनात आला तो असा, की हे पोरांखेरीज कुणाला कळलेलं नाही. शून्यं तशीच ठेवली तर दहावी आपली.

सोमवारी शिक्षकखोलीत भारतीनं अ तुकडीचा गठ्ठा पुढे ठेवला. समलंब चौकोनाला सगळ्यांना पूर्ण मार्क होते.

"मॅडम, त्या गणितातला आकडा चुकलाय," ती हळूच म्हणाली. "पण तुमच्या मुलांनी सूत्र नीट वापरलंय, त्यांचा काय दोष? म्हणून मार्क दिलेत. माझ्या मुलांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी कुणाला बोलले नाही."

भांडली असती तर बरं झालं असतं! विजयाबाईंना तिचा चांगुलपणा चुलीतल्या निखाऱ्यासारखा भाजला. एवढं मोठं मन करायचं, तेही माझ्यासमोर? त्या उठल्या आणि वर्गाकडे निघाल्या. एकच आशा होती. वर्गानं चूक पकडली नाही, ठीक आहे. पण ज्ञानेश्वरीला नुसतं आकृती काढ म्हटलं, तर तिला दिसेलच. आपल्याही हाताखाली डोकं तयार झालंय, एवढं एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं.

मधली सुट्टी होती. त्यांनी तिला फळ्यापाशी बोलावलं, गणित सांगितलं. पोरीनं खडू घेतलाच नाही.

"बाई, ती जागा मिटत न्हाई. सहाची बाजू तोकडी पडती."

विजयाबाईंचा ऊर भरून आला. "शाब्बास गं माझी बाय! आत्ता कळलं?"

"न्हाई. परीक्षेतच कळलं हुतं."

"मग पेपरात छप्पन्न का लिहिलंस?"

अवघड प्रश्न आलाय असं काही ज्ञानेश्वरीच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"तुमाला छप्पन्नच पायजे हुतं ना, बाई. मी दुसरं लिवलं असतं तर तुमी मार्क कापले असते."

"विचारायचंस ना मला!"

"आपल्या वर्गात कुटं कोन विचारतं?"

बाजूच्या ब तुकडीत पुन्हा हशा पिकला. विजयाबाईंच्या पोटात नेहमीसारखं जळलं, नेहमीपेक्षा जास्तच जळलं. त्या तशाच तडक हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या. गहिनीनाथ सर डबा खात होते.

"सर, दहावी भारतीला द्या."

"अहो, मार्कांची बेरीज तरी होऊ द्या! माझ्या कानावर तर तुमचाच वर्ग पुढे असल्याचं आलंय."

"माझा वर्ग पुढे नाही. पेपर माझा चुकलाय, ब तुकडीला त्या गणिताचे पूर्ण मार्क द्यायचेत."

"बरं, देऊ. पण म्हणून लगेच दहावी सोडायची? तुमची शेवटची आहे, बाई. एका आकड्यासाठी कशाला?"

"आकड्यासाठी नाही," विजयाबाई म्हणाल्या. "ज्ञानेश्वरी आहे त्या वर्गात."