देवामार्फत

आमच्या सासरी कोणी कोणाला तोंडावर काही बोलत नाही. जे काय बोलायचं ते संध्याकाळच्या प्रार्थनेत, डोळे मिटून, देवाला उद्देशून. जेवणाआधी आम्ही पुढच्या खोलीत बसतो, बायबलातला एक उतारा वाचला जातो आणि मग थोरल्यापासून एकेक जण मोठ्याने प्रार्थना करतो. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, “प्रभू, ज्यांना नळ घट्ट बंद करायचा कंटाळा येतो त्यांना तू सुबुद्धी दे.” मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. सगळे शांत. नळ मीच उघडा टाकला होता. पुढे मीही तरबेज झाले. नवरा ओला टॉवेल पलंगावर टाकतो, याबद्दल मी परमेश्वराकडे इतक्यांदा गाऱ्हाणं नेलंय की त्या टॉवेलाचा रंगही त्याला पाठ असेल.

त्यामुळे सासऱ्यांच्या डोळ्यांचा विषयही तिकडेच गेला.

सासऱ्यांना आम्ही पप्पा म्हणतो. जन्मभर बसचे ड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली आणि नातीला शाळेत सोडायचं काम आपणहून अंगावर घेतलं. लेक दुसरीत आहे. मी कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये कामाला जाते, नवरा माझ्याही आधी निघतो, त्यामुळे आम्हाला हायसं वाटलं. पण गेलं वर्षभर काहीतरी बिनसलं होतं. चहाचा कप ठेवताना पप्पा आधी टेबलाची कड चाचपायचे. गाडीच्या एका बाजूला पोचा आला, तर म्हणे कोणीतरी ठोकून गेलं. मी नवऱ्याला म्हटलं, तू बोल त्यांच्याशी.

“मला गाडी शिकवली त्यांनी,” तो म्हणाला. “मी कोणत्या तोंडाने सांगू? आपण प्रार्थनेत ठेवू.”

ठेवलं. तो म्हणायचा, “प्रभू, पप्पांची नजर शाबूत ठेव.” मी म्हणायचे, “रस्त्यावर आमच्या लेकराला सांभाळ, आणि आपापलं वय ओळखायला आम्हा सर्वांना शिकव.” थोरल्यांची पाळी आधी, म्हणून पप्पांचं उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं. “प्रभू, इतकी वर्षं बस चालवली, कुत्र्यालाही धक्का लागू दिला नाहीस, तुझे आभार.” यावर आम्ही सगळे आमेन म्हणायचो आणि जेवायला बसायचो.

परवा माझी स्कूटर पंक्चर झाली. लॅब शाळेच्याच वाटेवर आहे, म्हणून मी लेकीबरोबर मागच्या सीटवर बसले. पुढे सासूबाई. वर्षभरापासून त्या रोज सकाळी पप्पांबरोबर जायच्या, शाळेजवळच्या बेकरीतून ताजा पाव आणायला.

“लाल आहे,” सासूबाई म्हणाल्या. गाडी थांबली. “झाला हिरवा.” गाडी निघाली.

शेजारी बसून नवऱ्याला गाडी शिकवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, मला आधी तेच वाटलं. हसूही आलं.

“डावीकडे सायकलवर बाई आहे. अजून थोडं उजवीकडे घ्या. बास.” भाजी निवडता निवडता बोलावं तसा आवाज. मी लेकीकडे पाहिलं. ती खिडकीच्या काचेवर बोटाने चित्र काढत होती. तिला यात काही नवल नव्हतं.

शाळेच्या कोपऱ्यावर सासूबाई म्हणाल्या, “थांबा. पोरं रस्ता ओलांडतायत.” पप्पांनी ब्रेक दाबला. पोरं अगदी समोर होती, त्यातल्या एकाने बॉनेटवर थापही मारली.

“गेली का?” पप्पांनी विचारलं.

मी लेकीला जवळ ओढून घेतलं.

त्या दिवशी लॅबमध्ये एक कवळी माझ्या हातून फुकट गेली. मला राग आला होता. पप्पांचा, सासूबाईंचा, नवऱ्याचा, आणि सगळ्यात जास्त माझा. माझं लेकरू वर्षभर त्या गाडीत बसत होतं आणि मी गोड गोड वाक्यं जुळवत होते.

संध्याकाळी पप्पांची प्रार्थना झाली, सासूबाईंची झाली, नवऱ्याची झाली. माझी पाळी आली. मी डोळे मिटले नाहीत.

“पप्पा, मी प्रार्थना करत नाहीये. तुमच्याशी बोलतेय. उद्यापासून तुम्ही गाडी चालवायची नाही. तुम्हाला दिसत नाही.”

नवऱ्याने डोळे आणखी घट्ट मिटले. सासूबाईंनी मात्र उघडले. “प्रार्थना चालू आहे,” त्या म्हणाल्या.

“बोलू दे तिला,” पप्पा म्हणाले. “डॉक्टरांनी मागच्याच वर्षी सांगितलंय. डोळ्याची नस सुकत चाललीय. ऑपरेशनने होण्यासारखं नाही.”

“आणि तरी तुम्ही नातीला घेऊन जात होतात?”

“तुझ्या सासूचे डोळे चांगले आहेत,” ते म्हणाले. त्यांनी सासूबाईंकडे म्हणून हात केला, तो खिडकीकडे गेला.

“पप्पा, माझी मुलगी असते त्या गाडीत.”

“माहीत आहे.” त्यांनी खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. “मोठ्याने म्हणायचो ते तुम्हाला ऐकवायला. मनातल्या मनात रोज एकच मागायचो. कोणाला तरी धीर दे, ही माझ्याकडून काढून घेऊ दे. मला आपणहून ठेववत नव्हती.”

मी भांडायच्या तयारीने बसले होते. त्यांचं मागणं रोज या खोलीतून वर जात होतं, आणि ते पुरवणारी मी समोरच्याच खुर्चीवर डोळे मिटून बसलेली.

नवऱ्याने अखेर डोळे उघडले. “मग आमेन म्हणायचं का?” त्याने विचारलं.

“थांब,” पप्पा म्हणाले. “अजून एक राहिलंय. तेही हिलाच विचारतो.” त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं. “सकाळी नातीला चालत घेऊन गेलो तर चालेल?”

“चालेल,” मी म्हटलं. “पण आई बरोबर पाहिजेत. आणि रस्त्यावर त्या सांगतील तेच ऐकायचं.”

“तिचंच तर ऐकतोय वर्षभर,” पप्पा म्हणाले, आणि रडायला लागले.