कोडीच्या रेशमाची कार्डं

माझी थोरली जाऊ विशालाक्षी म्हणजे कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी. एरवी सकाळी माझं तोंड दिसलं तर तिचा दिवस नासतो. पण तिच्या लेकीचं, चैत्राचं लग्न ठरलं आणि बाई जिना चढून माझ्या खोलीत आल्या. आवाजात नुसता पाक.

"वसंता, पाहुण्यांस द्यायच्या तांबूलाच्या पिशवींत घालायास तुझीं तीं रेशमी कार्डं कर कीं. दीडशें पुरे."

नवरा गेल्यापासून चार वर्षं मी कार्डं करते. जाड कागदाला कटरनं चौकोनी खिडकी पाडायची, मागून रेशमाचा तुकडा बसवायचा, खाली आभाराची ओळ हातानं लिहायची. रेशीम मोठं द्वाड. कापलं की कडेनं सुटत जातं, म्हणून आधी त्याच्या पाठीला इस्त्रीनं पातळ कागद चिकटवावा लागतो. कुंभकोणमची दोन दुकानं माझी कार्डं ठेवतात. विशालाक्षीनं या चार वर्षांत एकही हातात घेऊन पाहिलं नव्हतं.

"करतें अक्का," मी म्हटलं. "मुहूर्तास मी कुठें उभी राहूं?"

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. "तूं मागें स्वयंपाक्यांवर लक्ष ठेव. मांडवांत नको. मुलाकडचे जुन्या वळणाचे. मज कांहीं नाहीं बाई, लोक बोलतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला मूलबाळ नाही. चैत्रा माझ्या मांडीवर वाढली, तिची वेणी दहावीपर्यंत मी घातली. तिच्या डोक्यावर अक्षता पडताना मला तिच्याजवळ उभं राहायचं होतं. बस, एवढंच. सोनंनाणं मागितलं नव्हतं.

तिरुभुवनमच्या विणकराकडून येणारे काठांचे तुकडे साठ कार्डांतच संपले. मग मी पेटी उघडली. तळाशी तीन कोडी होत्या. आमच्या भागात नवरा गेला की दहाव्या दिवशी माहेरची माणसं नवी साडी आणून बाईच्या अंगावर घालतात, ती कोडी. एरवी नव्या वस्त्राच्या टोकाला हळद लावल्याशिवाय आम्ही त्याची घडी मोडत नाही. कोडीला हळद लावत नाहीत. माझे भाऊ तीन, म्हणून साड्या तीन. त्यातली एक डाळिंबी रंगाची, चांगली भारी. मी तिची घडी मोडली ती कात्री लावायलाच.

चुकून नव्हे, पुऱ्या शुद्धीवर. कापड ते कापड, असं मी स्वतःला सांगितलं. मी अपशकुनी नाही, तर माझं कापड कसं असेल? आणि असलंच, तर जाऊ दे विशालाक्षीच्या पाहुण्यांच्या घरोघर. हे दोन्ही विचार माझ्या डोक्यात एकाच वेळी होते आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. नव्वद कार्डं मी त्या साडीची केली.

विशालाक्षीनं ती डाळिंबी कार्डं उजेडात धरून पाहिली. "काय सुरेख रंग! रेशीम कुठून घेतलेंस?"

"घरींच पडलें होतें," मी म्हटलं, आणि दिवसभर मनात उकळ्या फुटत राहिल्या.

लग्नाला तीन दिवस असताना चैत्रा वर आली. गळ्यात पडली.

"काकी, लाल कार्डांतलें एक मीं घेतलें. माझ्या पेटींत ठेवलें. तिरुच्चीस सासरीं जाऊन देवापुढें ठेवणार. अम्मा तुज मांडवांत येऊं देत नाहीं, ठाऊक आहे मज. तुझें कार्ड तरी माझ्यासंगें येऊं दे."

ती गेली. कापड ते कापड, कापड ते कापड, मी म्हणत राहिले. काही उपयोग झाला नाही. दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर मी खाली गेले, चैत्राची पेटी उघडली आणि ब्लाउजांच्या चळतीतून ते कार्ड ओढून काढलं.

"काय घेतलेंस?" दारात विशालाक्षी.

खोटं सांगता आलं असतं. पण धीर झाला नाही. "अक्का, हें कोडीचें रेशीम आहे. चैत्रापाशीं नको."

मला वाटलं ती घर डोक्यावर घेईल. तिनं दार लोटलं आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"किती केलींस असलीं?"

"नव्वद."

"एकोणनव्वद लोकांच्या घरीं चालतात. चैत्राच्या घरीं नको. कां?"

मी कार्ड पदराखाली घेतलं.

"सांग कीं. कां?" आवाज चढवला नाही तिनं, तेच जास्त लागलं. "चार वर्षें मज जुनाट म्हणतींस, दुष्ट म्हणतींस. मी लेकीसाठीं भितें. तूंही भितींस. मी तोंडानें म्हटलें, इतकेंच माझें पाप. जा आतां, सगळीं काढ. तुझ्याच हातानें काढ."

कार्डं घालून बांधलेल्या दीडशे पिशव्या मी एकटीनं सोडल्या आणि एकटीनं बांधल्या. तिचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

लग्नाच्या सकाळी नादस्वरमचे सूर चढत गेले तसं मला मागं राहवेना. मी येऊन मांडवाबाहेरच्या खांबापाशी उभी राहिले. चैत्रानं मला पाहिलं. सगळ्यांदेखत हात करून ओरडली, "काकी, वर ये!"

मुलाकडची दोन माणसं वळून हसली. कुणाच्या कपाळावर आठी नाही. विशालाक्षी बाजूला सरली आणि तिनं आपल्याजवळ माझ्यापुरती जागा केली. मनापासून केली की मला खिजवायला, ते तिलाच ठाऊक.

मला कुणीच अडवत नव्हतं. मी खांब सोडला नाही. अक्षता तिथूनच टाकल्या. त्या चैत्रापर्यंत पोचल्या नाहीत.