बकुळीचा कट्टा

शहाडच्या आमच्या सोसायटीच्या बागेत अकरा मोठी झाडं होती: चार जांभळं, तीन आंबे, दोन चिंचा, एक उंबर, एक बकुळ. मी ठाण्याच्या कॉलेजात लँडस्केप आर्किटेक्चर शिकते. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हीच बाग घेतली होती, एकही जुनं झाड न गमावता नव्याने आखायची म्हणून.

बकुळ शेजारच्या वॉल्टर अंकलच्या बायकोने, व्हेरोनिका आंटीने लावलेली. आंटी जानेवारीत गेल्या. मार्चमध्ये मी मातीचे नमुने घ्यायला गेले, तर बुंध्याभोवती ग्रॅनाइटचा गोल कट्टा. आत दोन फूट भराव, वर सिमेंट. पाया खणताना तोडलेली मुळं बाजूला पडली होती.

“व्हेरोनिका म्हणायची, तुझ्या हातचं काही टिकत नाही,” अंकल कट्ट्यावर थाप मारत म्हणाले. “आता बघ म्हणावं.”

“अंकल, मुळांना हवा लागते. आत्ता फोडलंत तर कदाचित वाचेल.”

“तुमच्या पिंपळाला पार असतो. तो मेला का?”

“पिंपळ भिंतीतही उगवतो. ही बकुळ आहे.”

त्यांनी कट्ट्यावरची धूळ हाताने पुसली. “आयव्हीला दुबईहून आईच्या मातीला येता आलं नाही. चर्चमध्ये वर्षाच्या मिस्साला येणारे, मम्मीच्या झाडाखाली बसेन म्हणालीये. तिला काय, डेब्रिज दाखवू? मिस्सा होऊ दे बाय. मग फोडू.”

निदान सिमेंटला भोकं पाडू द्या, म्हटलं. तेवढं पाडू दिलं.

पावसाळ्यात पानं पिवळी पडली. दिवाळीपर्यंत शेंडा उघडा झाला. अंकल रोज संध्याकाळी बादली ओतायचे. आत पाणी साचतंय, घालू नका, असं मी सांगितलं, तर म्हणाले, “तहान लागली असेल तिला.”

जानेवारीत मिस्सा झाल्यावर आयव्ही कट्ट्यावर येऊन बसली. ऊन लागत होतं, म्हणून तिने रुमाल डोक्यावर घेतला. अंकल तिच्या शेजारी बसले नाहीत. उभेच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच घण आणला. कट्टा फुटायला दुपार झाली. भराव उपसल्यावर म्हणाले, “रसिका, बघ गं जीव आहे का.”

जिवंत साल आतून ओली, हिरवट असते. मी बुंधा चार बाजूंनी चाकूने खरवडला.

हिरवट साल: चारपैकी शून्य ठिकाणी.